पट

तीन पडदे आहेत, ते आधी सांगते.
एक माझा. दोन अड्याळच्या बंद पडलेल्या पतसंस्थेचे,
लिलावात साडेनऊशेला मिळाले;
एकाच्या कोपऱ्यात अजून चिकटलेलं: ‘रोखपाल’.
तिघांची उंची सारखी नाही.
मधल्याखाली बारावीचं भौतिकशास्त्र ठेवलंय,
भाग एक आणि दोन.

आता प्रश्न ग्राफिक्स कार्डाचा.
सीताबर्डीचा तौसीफ म्हणतो, जुनी दोन घे,
वरून पूल लावून जोडून देतो,
दोघं मिळून नव्याच्या तोंडाला फेस आणतील.
नवं एक बावीस हजारांना.
जुनी दोन चौदात.
आठ हजार म्हणजे सेवा केंद्रात मी भरून दिलेले
किती उत्पन्नाचे दाखले,
ते मोजलं नाही.
मोजलं. चारशे.

बाबा ओसरीवर सुतळी वळत होते.
दुधराम कापगते, धुरकरी,
पटाच्या मैदानात भोंग्यावरून
ज्यांचं नाव दोनदा पुकारत.
आता गुडघे नाहीत. म्हणजे आहेत,
पण छकड्यावर उभं राहण्यापुरते नाहीत.

‘जोडी म्हणते का तो?’ सुतळी थांबली.
‘एका वयाची हाये? एका गोठ्यातली?’
नाही, म्हटलं. एक कुठल्या कॅफेतलं,
दुसरं कुणी दोन वर्षं रात्रंदिवस
आभासी नाणी पाडायला जुंपलेलं.
‘मंग त्याचा दम गेला असन.
आन् येका पावलानं निघतात का दोघं?
अर्धं पाऊल मागंपुढं झालं ना बाई,
छकडा हिसकते.
लोकायले दिसत नाही. मांड्यायले समजते.’

तौसीफला फोन लावला. हिसका बसतो का?
पलीकडे दुकानातला पंखा ऐकू आला.
थोडा बसतो, म्हणाला. आकडा साठचाच दाखवते,
चित्र अडखळते मधूनमधून.
तुला कोणी सांगितलं?

मेमरीचंही तसंच निघालं.
मला वाटायचं, चार आणि चार आठ.
पण दोघांनाही सगळंच चित्र पाठ करावं लागतं,
म्हणून चार आणि चार, चारच.
बाबांना त्याचं नवल वाटलं नाही.
‘दोन बैल म्हणून काय दोन रस्ते असतात?’

शिवाय धानाची गिरणी सुरू झाली
की आमच्या गल्लीत व्होल्टेज एकशे सत्तरवर येतं.
दोघांना पोसायचं तर सप्लाय मोठा, वर स्टॅबिलायझर.
आई म्हणाली, स्टॅबिलायझर फ्रिजचा आहे
आणि फ्रिज दुधाचा.
विषय संपला.

तर एकच घेतलं. घासाघीस करून एकोणीस पाचशेला.
मागे तीन तारा लागतात त्याला,
पण पतसंस्थेचे पडदे पडले जुन्या वळणाचे,
त्यांना ती निळ्या तोंडाची, पंधरा टोकांचीच तार कळते.
दोन अडाप्टर, साडेसहाशे.
हे तौसीफने सांगितलं नव्हतं.
आणि बाबांच्या काळात बैलांना अडाप्टर नव्हते.

रात्री गिरणी बंद झाल्यावर सुरू केलं.
कॅबिनेटची एक बाजू उघडी, समोर कुलर,
पाणी न घातलेला.
मध्ये रस्ता, दोन्ही बाजूंना बर्फाचा कुठलासा डोंगर,
बाहेर पारा अजून एक्केचाळीसवर.
बाबा मागे स्टुलावर.
एक लाल गाडी उजवीकडून आली,
दोन पडद्यांमधल्या काळ्या पट्टीत शिरली
आणि क्षणभर नव्हतीच.
बाबांनी मान वाकडी करून
पट्टीच्या पलीकडे पाहिलं.
‘कुठं गेली?’
येईल, म्हटलं.
‘येईन तं येईन. तू पाहू नको तिकडं.
धुरकऱ्यानं बाजूचं पाहायचं नसते,
फकस्त ती हाये, एवढं ठावं पाहिजे.’
मी हरले. चौथी आले, आठांत.

सकाळी भौतिकशास्त्राचे दोन्ही भाग
माझ्या उशाशी होते.
पडद्यांखाली बाभळीच्या तीन पाचरी,
जुन्या जुवाची शिवळ कापून केलेल्या;
एक जरा जास्तच तासलेली, तिच्यावर कागदाची घडी.
तिन्ही कडा एका ओळीत.
मी सुतळी ताणून पाहिली.